पाठराखीण व्हॅन

शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ही गावे जोडणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याशी जवळजवळ समांतर जात असल्यामुळे, डोंगरातील कच्च्या वाटांनी मोटारसायकली हाकणाऱ्या मंडळींना आपला सारा सरंजाम व्हॅनमध्ये घालून ती डांबरी रस्त्याने पुढील मुक्कामी रवाना करण्याची तजवीज खानदेशात विनासायास करता येते. डाकार शर्यतीतही साहाय्यक वाहने स्पर्धकांच्या मागोमाग न जाता बहुधा निराळ्या मार्गानेच तळावर पोहोचतात.

पावसाळ्यात तर दुसरा इलाजच नसतो. कारण तापीखोऱ्यातील काळ्या मातीतील स्मेक्टाइट वर्गाच्या खनिजांच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, चिकट होते आणि चाक व मडगार्ड यांच्यामधील फटीत अशी ठासून बसते की हलकी मोटारसायकलही जागची हलत नाही, मग जड व्हॅनची कथा काय!

नादुरुस्त मोटारसायकल व्हॅनमध्ये चढवल्यावर ती स्टँडच्या भरवशावर सोडू नये. पुढचे चाक आडव्या दांड्यास टेकवून, दोन्ही बाजूंचे पट्टे पुढे व खाली ताणून, पुढचे शॉकॲब्सॉर्बर निम्मेअधिक दबतील इतपतच ते आवळावेत, कारण अतिरेक केल्यास सीलवर ताण येतो.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र मी अंमळ कर्मठ आहे. त्याची वाफ हवेहून जड असल्याने बंद व्हॅनच्या तळाशी साचते, आणि जळगाव-भुसावळचा वैशाखातील पारा पाहता, कॅन बाळगण्यापेक्षा चोपड्याच्या किंवा यावलच्या पंपावर टाक्या भरून घेणे मला अधिक पसंत आहे.