ग्रासकटरच्या इंजिनाला आधी तेल, मगच दोरी

भाद्रपद जवळ आला की लोटे पंचक्रोशीत सकाळपासून एकच आवाज कानावर येतो, तो ग्रासकटरचा. घाणेखुंट, आवाशी, धामणदेवी, असगणी, कोतवली, कुठल्याही वाडीत जा. गणपतीपूर्वी अंगण, पाखाडी आणि शाळेचे आवार मोकळे करण्याची घाई असते. पुढे भातकापणी येते आणि पाऊस गेला की काजू-आंब्याच्या बागांची बेणणी. कोयतीने दिवस खाणारे काम हे मशीन लवकर उरकते. गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. म्हणून घरोघरी कटर आले ते बरेच झाले.

पण शेतकरी बंधूंनो, एक गोष्ट तुम्हीच पडताळून पहा. आपल्या भागातील कितीतरी माणसे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. तिथे डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि पायात सेफ्टी बूट असल्याशिवाय प्लांटवर पाऊल टाकता येत नाही. तोच माणूस सुट्टीच्या दिवशी घरी येतो, पायात स्लीपर, अंगात बनियन, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते घेऊन गवतात शिरतो. कंपनीत दंड होतो म्हणून नियम पाळायचे आणि घरी कोणी विचारणारे नाही म्हणून सोडून द्यायचे, हा हिशोब बरोबर नाही. डोळा कंपनीचा नाही, आपला आहे.

दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक?

पूर्वी आलेले बहुतेक कटर दोन स्ट्रोकचे होते. त्यात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. हल्ली चार स्ट्रोकचे कटर बरेच आले आहेत. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली ज्या तत्त्वावर इंजिन चालवून दाखविले, तेच हे. पहिल्या दट्ट्यात हवा-पेट्रोल आत येते, दुसऱ्यात दाबले जाते, तिसऱ्यात पेटते आणि चौथ्यात धूर बाहेर जातो. पेट्रोल कमी लागते, धूर कमी, आवाजही थोडा मऊ.

घोटाळा होतो तो ऑईलमध्ये. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे ऑईल मोटारसायकलसारखे वेगळ्या खणात असते आणि टाकीत साधे पेट्रोल घालायचे असते. त्यात मिश्रण घातले तर प्लग काळा होतो आणि मशीन धुराने कोंदते. उलट दोन स्ट्रोकच्या मशीनमध्ये साधे पेट्रोल घातले तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो. ज्या घरात दोन्ही मशीन आहेत तिथे दोन कॅन ठेवा आणि त्यांवर रंगाने मोठ्या अक्षरात लिहा, 'साधे' आणि 'मिश्रण'. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून कॅनचा रंगही वेगळा असू द्या.

आणखी एक. पस्तीस सीसीच्या छोट्या इंजिनात ऑईल मावते जेमतेम १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे. त्यातले थोडे जरी कमी झाले तरी इंजिनाला जाणवते. बहुतेक छोट्या इंजिनांत ऑईल संपल्याची सूचना देणारा दिवा नसतो. इंजिन बोलत नाही, थेट जाम होते. म्हणून रोज सकाळी मशीन सपाट जागेवर ठेवून, इंजिन थंड असताना ऑईल बघा. पुस्तिकेतल्या खुणेच्या वरही भरू नका, नाहीतर ते एअर फिल्टरमध्ये शिरते. ग्रेड पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा १० डब्ल्यू-३०. नव्या मशीनचे पहिले ऑईल साधारण दहा तास चालल्यावर बदलावे आणि पुढे पुस्तिकेप्रमाणे. घासलेल्या लोखंडाची बारीक पूड त्या पहिल्या ऑईलमध्येच उतरते.

नवे मशीन जोडताना

अनेकदा नव्या मशीनचे इंजिन कोरडेच येते आणि ऑईलची बाटली वेगळी असते. दुकानदाराने भरले असेल असे धरून चालू नका. झाकण उघडून डोळ्यांनी बघा.

दांडा, हँडल आणि पट्टा तुमच्या उंचीप्रमाणे बसवा. पट्टा खांद्यावर घेतल्यावर पाते जमिनीला समांतर आणि किंचित वर राहिले पाहिजे. पट्ट्याची झटकन सुटणारी कडी दोन-चार वेळा सोडून पहा. आग लागली, गांधीलमाश्या उठल्या तर मशीन अंगावरून उतरविण्याची तीच एक वाट असते.

पात्याचा नट बहुतेक मशीनला उलट्या आट्याचा असतो. म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविला की सुटतो आणि उलट फिरविला की आवळतो. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून आटेच खातो. गिअरच्या भोकात पिन घालून पाते अडवा, नट आवळा आणि पिन काढायला विसरू नका. तडा गेलेले, वाकलेले किंवा वेल्डिंग केलेले पाते कधीही लावू नका.

पात्यावरचा प्लास्टिकचा पडदा म्हणजे गार्ड. 'त्यात गवत अडकतं' म्हणून तो काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. आपल्या कातळावर जांभ्याचे खडे गवताखाली लपलेले असतात. पात्याला लागलेला खडा गोफणीतून सुटावा तसा येतो. गार्ड नसेल तर तो थेट तुमच्या नडगीवर किंवा डोळ्यावर. नायलॉनच्या दोऱ्याऐवजी लोखंडी तार लावण्याचा जुगाडही काही जण करतात. तारेचा तुटलेला तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. हे कदापि करू नका.

पेट्रोलची काळजी

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. तहानलेले पोर बाटली तोंडाला लावते, हा धोका वेगळा सांगायला नको. झाकणाचा पक्का कॅन घ्या आणि चुलीपासून व देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवा. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका, पाच-दहा मिनिटे थंड होऊ द्या. भरल्यावर मशीन तिथून निदान दहा पावले दूर नेऊन मगच चालू करा. विडी-सिगारेट तेवढा वेळ खिशातच राहू दे.

आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळते, म्हणजे त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल आणा, महिनोन्महिने साठवू नका. तुमच्या इंजिनाला किती टक्के इथेनॉल चालते ते पुस्तिकेत पहा. बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालवून बघू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

दोरी ओढताना आणि कापताना

मशीन मोकळ्या जमिनीवर ठेवा, पाते कशालाही टेकू देऊ नका. रबरी फुगा दाबून पेट्रोल चढवा, थंड असेल तर चोक द्या. दोरी आधी हळू ओढा, अडल्यासारखी वाटली की मग झटक्याने. दोरी सोडून देऊ नका, हातानेच परत न्या. इंजिन मंद चालत असताना पाते थांबलेले असले पाहिजे. मंद गतीलाही पाते फिरत असेल तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.

छंद म्हणून छोटी मॉडेल विमाने उडविणारे लोकही अशीच लहान चार स्ट्रोक इंजिने वापरतात. त्यांचा पहिला धडा असा की फिरत्या पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. आपलाही पहिला धडा तोच असावा. कटर चालू असताना पंधरा मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पन्नास फुटांत, माणूस, पोर किंवा दावणीचे जनावर नको. दोघे कापत असतील तर दोघांतही तेवढेच अंतर ठेवा. पाखाडीवरून कोणी येताना दिसला की हात ढिला करा, त्याला जाऊ द्या.

पाते वरून पाहिले तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे झाडू मारल्यासारखे कापत जा. पात्याच्या घड्याळात बारा ते तीन या भागाला खुंट किंवा दगड लागला तर मशीन जोराने फेकले जाते. गडग्याच्या कडेचे आणि खुंटाभोवतीचे गवत दोऱ्याने किंवा सरळ कोयतीने काढा. सुरुवात करण्यापूर्वी एकदा गवतातून काठी फिरवा. दगड, तारा, बाटल्या निघतील आणि साप असला तर तोही वाट धरील.

डोळ्यांना चष्मा, त्यावर जाळीचा मुखवटा, कानात बोळे, पायात गमबूट आणि जाड पँट एवढे पाहिजेच. चष्मा काही शंभर रुपयांचा, डोळा कितीला मिळतो?

सर्वांत महत्त्वाचे: अडकले तर

गवताचा गुंता पात्याला बसतो, मशीन गुरगुरते. घाईत माणूस वाकतो आणि चालू इंजिनावरच हाताने गुंता ओढायला जातो. गुंता सुटतो त्याच क्षणी पाते फिरते. बोटे जातात ती अशी.

कंपनीत मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावतात. इथे पाटी नको, तीन गोष्टी करा. स्विच बंद करा, पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि प्लगची टोपी काढा. टोपी निघाली की इंजिन चुकूनही सुरू होत नाही. मग हातमोजे घालून गुंता काढा. यात अर्धे मिनिट जाते.

माघ-फाल्गुनात गवत वाळलेले असते आणि सायलेन्सर तापलेला. मशीन गवतात टेकवू नका, कातळावर किंवा उघड्या मातीवर ठेवा. काजूच्या बागेला वणवा लागायला एवढी चूक पुरते.

ग्रामपंचायतींसाठी

सरपंच व सदस्यांनीही इकडे लक्ष द्यावे. ग्रामपंचायतीचे मशीन 'ज्याला पाहिजे त्याने न्या' असे असेल तर ऑईल कोणीच बघत नाही. एक वही ठेवा. कोणी नेले, किती तास चालले, ऑईल कधी बदलले, पाते कधी बदलले, एवढ्या चार रकाने पुरेत. चष्मा, मुखवटा आणि गमबूट मशीनसोबतच द्यावेत आणि ते नसतील तर मशीन देऊ नये. शाळेचे आवार कापायचे ते मुले घरी असताना. नव्या माणसाला अर्धा दिवस जाणत्याबरोबर उभा करा. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात कटर देऊ नका.

अपघात झालाच तर

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात-पाय उंच ठेवा. हळद, चुना, माती भरू नका. डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नका, उपसू नका, वरून हलके झाकून न्या. १०८ ला फोन करा. कळंबणी आणि कामथे येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण डॉक्टरांना तुम्हीच करून द्या.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. फिल्टरचा स्पंज धुवून वाळवा, थंड करणाऱ्या पट्ट्यांतले गवत काढा, प्लग साफ करा. त्याची फट बहुतेक मशीनला ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. मग मशीन कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असे टांगा. पुढच्या वर्षी ते काढाल तेव्हा पहिले काम एकच, झाकण उघडून ऑईल बघणे.