मोजणारी यंत्रं, सांगणारे आवाज

१९२४ हे साल ध्यान आणि यंत्रं या विषयात दोनदा भेटतं. त्या वर्षी जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था सुरू केली. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. बर्गर तर इतका बिचकत होता की, हाती लागलेलं छापायला त्याने पाच वर्षं घेतली. कुवलयानंदांचं उलट होतं. त्यांनी पहिल्याच वर्षी ‘योगमीमांसा’ नावाचं त्रैमासिक काढलं आणि प्रयोगांचे निकाल लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. ध्यानाला बसलेला माणूस आणि त्याच्या अंगाला चिकटवलेल्या तारा हे चित्र आज ओळखीचं झालं आहे. ते तयार होऊ लागलं ते इथून.

कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले, अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयात प्राचार्य राहिलेले. नर्मदाकाठच्या मालसरचे माधवदासजी हे त्यांचे गुरू. गुरूंनी शिकवलेलं खरं आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण ते कसं घडतं हे त्यांना बघायचं होतं. म्हणून आधी बडोद्याच्या रुग्णालयात आणि पुढे लोणावळ्यात त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्यांना क्ष-किरण यंत्रासमोर उभं केलं, पोटातला दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दिसलं. बस्तिक्रियेत, म्हणजे गुदद्वारातून आतडं धुताना, पाणी आपोआप वर कसं ओढलं जातं, याचं कोडं त्यातून सुटलं. या पोकळीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’. वैज्ञानिक शोधाला असं गुरूचं नाव देण्याचं मला फार कौतुक वाटतं. एका हातात दाबमापक आणि दुसऱ्या हातात गुरुदक्षिणा, असं ते काम आहे.

पुढची तीस-चाळीस वर्षं यंत्रं योग्यांच्या मागे लागली होती. १९३५ साली तेरेझ ब्रॉस ही फ्रेंच हृदयतज्ज्ञ आपलं ईसीजी यंत्र घेऊन भारतात आली. हृदय जवळजवळ थांबवणारे योगी आहेत, अशी बातमी तिच्या नोंदींमुळे पाश्चात्त्य देशांत पसरली. १९५७मध्ये मॅरियन वेंगर आणि बसुकुमार बागची हे दोघे संशोधक अमेरिकेतून आले आणि यंत्रं बरोबर घेऊन भारतभर फिरले. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांना त्यांनी तो करून दाखवायला सांगितलं. योग्याने श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले, की मनगटाला नाडी लागेनाशी व्हायची आणि स्टेथोस्कोपमधूनही ठोके ऐकू येत नसत. ईसीजीचा कागद मात्र निवांत पुढे सरकत होता आणि त्यावर ठोके नीट उमटत होते. हृदय चालू होतं. छातीतल्या दाबामुळे रक्त हृदयाकडे परतणं कमी झालं होतं, एवढंच. दिल्लीच्या एम्समधल्या बी. के. आनंद यांच्यासोबत हे काम १९६१मध्ये प्रसिद्ध झालं. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी योग्यांचे मेंदूआलेखही मांडले. समाधीत बसलेल्यांच्या मेंदूतली अल्फा नावाची निवांतपणाची लहर आवाजाने, उजेडाने मोडत नव्हती. दोघे जण बर्फासारख्या गार पाण्यात पाऊण-पाऊण तास हात बुडवून बसले, तरी ती तशीच राहिली.

हे सगळं वाचायला रोमांचक आहे. पण घरी सतरंजी टाकून पहिल्यांदाच डोळे मिटून बसणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग? काहीच नाही. यंत्र अव्वल गड्याला तपासत होतं, तेही शंकेखोरांची खात्री पटावी म्हणून. नवशिक्याचा प्रश्न वेगळाच असतो. त्याला पाचव्या मिनिटाला दूधवाल्याचं बिल आठवतं, सातव्या मिनिटाला पाय बधिर होतो. आता पुढे काय करायचं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं.

तेच यंत्र नवख्याच्या हाती देऊन पाहिलं ते जो कामिया या मानसशास्त्रज्ञाने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात त्याने साध्या माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवलं. मधूनच घंटी वाजे. या क्षणी तुमच्या मेंदूत अल्फा लहर आहे की नाही, हे त्यांनी ओळखायचं आणि उत्तर बरोबर की चूक, ते त्यांना लगेच सांगितलं जायचं. पहिल्या माणसाचे अंदाज पहिल्या दिवशी निम्मेच बरोबर आले, म्हणजे छापा-काटा. चौथ्या दिवशी तो चुकेचना. स्वतःच्या मेंदूची खबर माणसाला शिकता येते, ही गोष्ट खरोखरच मोठी होती. पण दशकभरातच अमेरिकेत अल्फाचं खूळ सुरू झालं. घरगुती अल्फा यंत्रं विकायला आली, झेन भिक्षूची अवस्था काही आठवड्यांत मिळेल अशा जाहिराती झळकल्या. मग काटेकोर प्रयोग झाले आणि हवा गेली. अल्फा वाढते ती बरीचशी डोळ्यांनी पाहायचं थांबवल्यामुळे, आणि त्यासोबत येणारा आनंद बराचसा तो येणार या अपेक्षेमुळे, असं दिसलं. मोजमाप अचूक होतं, पण आकडा वाढला म्हणून मन निवलं असं काही सिद्ध झालं नाही. या चुकीची पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच काळात हार्वर्डमध्ये हर्बर्ट बेन्सन हा डॉक्टर महर्षी महेश योगींच्या साधकांचा ऑक्सिजनवापर, नाडी, रक्तदाब तपासत होता. बीटल्स महर्षींकडे ऋषिकेशला येऊन गेले होते, त्यामुळे विषयाला वलय होतं. १९७५मध्ये त्याचं ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक आलं. एक शब्द मनात घोळवा, भरकटलात की तक्रार न करता परत या, एवढ्यावर त्याने सगळं आणून ठेवलं. नामस्मरणात वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवं काय, असंच वाटेल. पण डॉक्टरने रक्तदाबाच्या रोग्याला चिठ्ठीवर लिहून द्यावं इतकं ते सोपं झालं, हे बेन्सनचं श्रेय.

मात्र माझ्या मते या शंभर वर्षांतलं नवशिक्याचं खरं यंत्र टेपरेकॉर्डर आहे, आणि त्याची गोष्ट इगतपुरीची आहे.

बर्मातल्या मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होऊन १९५५मध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले होते. हे गुरू सरकारात महालेखापाल राहिलेले, आणि कचेरीतल्या मंडळींनाही ध्यान शिकवणारे. १९६९मध्ये गोयंका भारतात आले आणि मुंबईत त्यांनी विपश्यनेचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. १९७६पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. एकटा माणूस किती ठिकाणी पुरणार? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी साहाय्यक आचार्य नेमले आणि शिकवणं ध्वनिफितीवर सोपवलं. तेव्हापासून आजतागायत, त्यांच्या निधनाला एक तप उलटून गेल्यावरही, ध्यानकक्षात सूचना येतात त्या त्यांच्याच आवाजात.

ही रचना जवळून पाहण्यासारखी आहे. पहाटे चारला घंटा. कक्षात समोर साहाय्यक आचार्य बसलेले, पण ते बोलतात अगदी कमी. ते ध्वनिमुद्रण सुरू करतात. स्पीकरमधून खर्जातला, जुन्या बैठकीत शोभेल असा सावकाश आवाज येतो. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास. मन पळालं तर पुन्हा सुरुवात करा, हे तो आवाज दिवसातून इतक्या वेळा सांगतो की एरवी कुणीही वैतागेल. संध्याकाळी सव्वा तासाचं प्रवचन. गोयंका त्यात विनोदी गोष्टी सांगतात आणि दिवसभर मौन पाळलेल्या कक्षात हशा पिकतो. गंमत म्हणजे त्या-त्या दिवशी साधकाच्या मनात जे काहूर माजलं असेल, ते प्रवचनात अचूक येतं. मी आज पळून जायचा विचार करत होतो हे यांना कसं कळलं, असं माणसं विचारतात. कळलं असं की, सहाव्या दिवशी बहुतेकांना पळून जावंसं वाटतंच, आणि फीत सहाव्या दिवसासाठीच भरलेली आहे. दुपारच्या सुट्टीत आचार्यांना प्रश्न विचारता येतात, तेव्हा जिवंत माणूसही तिथे आहेच. शिबिराला येणाऱ्याचा मोबाइल मात्र दाराशीच जमा होतो. फितीवर उभी असलेली ही संस्था फोनला आत घेत नाही, यात मला काहीच विसंगती वाटत नाही. फीत थांबा म्हणते आणि गप्प होते.

लोणावळा बोरघाटाच्या माथ्यावर, इगतपुरी थळघाटाच्या. मुंबईकराला निवांत व्हायचं तर आधी घाट चढावा लागतो, अशी काहीतरी सोय या दोन्ही संस्थांनी करून ठेवली आहे.

कॅसेटची कमाल इतरांनाही कळली होतीच. बिहारच्या मुंगेरहून स्वामी सत्यानंदांची योगनिद्रा घराघरांत गेली. आर्ट ऑफ लिव्हिंगची सुदर्शन क्रिया श्री श्री रविशंकरांच्या मुद्रित आवाजाच्या ठेक्यावर चालते. १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबाट-झिन याने जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. त्यातलं पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीर न्याहाळणं बा खिन परंपरेतूनच त्याच्यापर्यंत पोचलं होतं. रोग्यांना तो पाऊण तासाची कॅसेट देई आणि आठवड्यातले सहा दिवस ती लावून पडून राहा, आवडो न आवडो, असं बजावत असे. मराठी घरांत यासोबत आणखी दोन वस्तू आल्या. एक बोटात अडकवायचा जपाचा काउंटर. एसटीतही बटण दाबत नाम घेता येतं. दुसरी म्हणजे थेट सॉकेटमध्ये खोचायची मंत्राची डबी. ती स्वयंपाकघरात दिवसभर गुणगुणते आणि फोडणीच्या आवाजात कुणाला ऐकूही येत नाही. तिला ध्यान म्हणायचं की नाही हे मी ठरवणार नाही; घरातली भांडणं तिच्यामुळे जरा खालच्या पट्टीत होतात, एवढं पाहिलं आहे.

मोजणाऱ्या यंत्रांच्या बाजूने एक चांगली गोष्ट सांगायला हवी. २००१मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली आवे मारिया आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या लयी या गतीला एकमेकींशी जुळतात. जपमाळ फिरवणाऱ्यांनी ही गती घड्याळाशिवाय गाठली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्तदाबाच्या रोग्यांसाठी एका इस्रायली यंत्राला मान्यता दिली. छातीला पट्टा, कानात सुरावट. सुरावट हळूहळू लांबत जाते आणि तिच्यामागोमाग श्वास दहाच्या खाली येतो. नवशिक्याने यातून घ्यायचं ते सरळ आहे: श्वास सोडणं घेण्यापेक्षा जरा लांबवायचं, पाचेक मिनिटं, खुर्चीत बसूनही चालेल.

मग फोन आला आणि मोजण्याची व सांगण्याची, अशा दोन्ही परंपरा एका डबीत बसल्या. अँडी पुडिकम हा बरीच वर्षं बौद्ध भिक्षू राहिलेला इंग्रज; त्याच्या हेडस्पेस या ॲपने दहा मिनिटांचं, दहा दिवसांचं ध्यान कानात आणलं. इन्साइट टायमर हे नुसतं घंटा वाजवणारं ॲप म्हणून सुरू झालं. माझ्या लेखी तो त्याचा सर्वोत्तम अवतार होता. २०१४मध्ये टोरांटोच्या कंपनीने म्यूज नावाची, मेंदूतल्या लहरी टिपणारी कपाळपट्टी काढली. मन भटकलं की कानात वादळ वाढतं, स्थिरावलं की पक्षी किलबिलतात. पक्षी आला म्हणून माणूस मनात हरखतो, आणि पक्षी उडून जातो. शेवटी किती पक्षी आले याचा हिशेबही मिळतो. २०१६मध्ये ॲपलचं घड्याळ मनगटावर टिचकी मारून श्वास घ्यायला सांगू लागलं. कामियाच्या काळातली चूक इथे पुन्हा भेटते, फक्त आता तिला सलग दिवसांची साखळी जोडली आहे. साखळी तुटली की ॲप हळहळतं, आणि ज्याला शांत व्हायचं होतं त्याला अपराधी वाटू लागतं. ही साखळी कुणाच्या भल्यासाठी आहे, साधकाच्या की वर्गणीच्या, हे विचारायला हरकत नाही.

मधल्या काळात संशोधकही जमिनीवर आले. २०१४मध्ये ४७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा माफक फायदा दिसला. औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांहून ते सरस आहे, असं काही दिसलं नाही. २०२२मध्ये ब्रिटनमधल्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरच्या चाचणीत वर्गातल्या ध्यानाच्या तासांचा वेगळा फायदा दिसलाच नाही. बरीचशी मुलं घरी सराव करतच नव्हती. दीर्घ शिबिरांत काहींचा त्रास वाढतो, हेही आता नीट नोंदलं जातं. जुनं मानसिक दुखणं असेल, तर पहिलं पाऊल डॉक्टरांशी बोलून टाकावं. या बातम्या आल्या तरी डिसेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला. लोणावळ्याच्या कैवल्यधामचं शतक त्याच सुमाराला भरलं होतं.

आता नवा प्रकार सुरू झाला आहे. आज झोप येत नाही, ऑफिसात वाजलं, असं फोनला लिहिलं की तो तिथल्या तिथे तुमच्यापुरतं ध्यान रचतो आणि यांत्रिक आवाजात म्हणून दाखवतो. मराठीतही, जरा पुस्तकी मराठीत. गोयंका, काबाट-झिन, पुडिकम यांच्या फिती वेगवेगळ्या असल्या, तरी प्रत्येकीमागे वर्षानुवर्षं स्वतः बसलेला माणूस होता. या आवाजामागे बसलेलं कुणी नाही. नवशिक्याला त्याने फरक पडतो की दहाव्या मिनिटाला कुणीतरी “परत या” म्हटलं एवढं पुरतं, हे मला तर्काने सांगता येणार नाही. तिथे मात्र मोजणाऱ्या यंत्रांना पुन्हा काम आहे.