सी ड्राइव्हचं बारसं

विंडोजची ड्राइव्ह 'सी'च का असते, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. 2009 साली सेकंड इयरला असताना तो माझ्यासमोर आला, तोही मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, आमच्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानात!

दुकानवाल्या काकांची हार्ड डिस्क घरघर करायला लागली होती. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? बघ की जरा!" झालं. नवी डिस्क आणली, एक्सपी टाकलं, उधारीची फाईल कशीबशी नव्या डिस्कवर घेतली. दुसऱ्याच दिवशी जुनी डिस्क कायमची गेली. म्हणजे अख्ख्या सोसायटीची उधारी आता एकाच जागी!

पण एक गंमत झाली. विंडोज 'सी'ऐवजी 'एच'वर बसलं होतं. कारण काय, तर संगणकाला जोडलेला कार्ड रीडर. त्याच्या चार खाचांनी सी ते एफ ही अक्षरं आधीच बळकावली होती आणि सीडी ड्राइव्हने जी. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीची, म्हणून पहिली हार्ड डिस्क सी, ही नुसती जुनी परंपरा. विंडोज कुठल्याही अक्षरावर चालतं. मात्र काकांचं बिलिंग सॉफ्टवेअर 'सी'शिवाय हलेना.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलो. कार्ड रीडरची अक्षरं बदलली, सी मोकळं झालं. पण 'एच'चं 'सी' करायला विंडोजने साफ नकार दिला. मग मी शहाणपणा केला. रजिस्ट्रीत 'माउंटेड डिव्हायसेस' नावाची यादी असते. कुठल्या पार्टिशनला कुठलं अक्षर, हे तिथे लिहिलेलं असतं. तिथे 'एच' खोडून 'सी' लिहिलं आणि रीस्टार्ट!

लॉगिन केलं की लगेच लॉगऑफ. पुन्हा लॉगिन, पुन्हा लॉगऑफ. काका शेजारी उभे. माझा घसा कोरडा.

असं का झालं? समजा रातोरात आपल्या एच विंगची पाटी काढून सी विंगची लावली. भिंती त्याच, माणसं तीच. पण दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला सगळ्यांकडे पत्ता जुनाच! रजिस्ट्रीत असे पूर्ण पत्ते शेकड्यांनी लिहिलेले असतात. लॉगिननंतर विंडोज 'युजरइनिट' हा प्रोग्रॅम शोधतं. त्याचा पत्ता 'एच'चा होता आणि एच तर उरलंच नव्हतं.

डिस्क काढून माझ्या संगणकाला जोडली. सर्वात आधी उधारीच्या फाईलची कॉपी घेतली (हे काम पहिल्या दिवशीच करायचं होतं!). मग रजिस्ट्री एडिटरमधल्या 'लोड हाइव्ह'ने त्या डिस्कवरची 'सिस्टिम' फाईल उघडली, यादीत पुन्हा 'एच' लिहिलं आणि 'अनलोड' केलं. डिस्क परत लावली. विंडोज सुरू!

आणि बिलिंग? त्यासाठी एका ओळीची कमांड पुरली: 'सब्स्ट सी: एच:\'. म्हणजे खरं नाव एच, टोपणनाव सी. ही ओळ बॅच फाईलमध्ये लिहून स्टार्टअपमध्ये टाकली. कायमचा उपाय हवा असेल, तर कार्ड रीडर काढून विंडोज नव्याने टाकायचं.

एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपला, पण धडा जुना झालेला नाही. आजही डिस्क मॅनेजमेंट सिस्टिम ड्राइव्हचं अक्षर बदलू देत नाही आणि ते योग्यच आहे. रिकव्हरी मोडमध्ये तुमची 'सी' कधी 'डी' दिसली तर घाबरू नका; तिथे अक्षरं तात्पुरती वाटलेली असतात. आणि तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल, तर त्यात 'सी' ठोकून देऊ नका. 'सिस्टिमड्राइव्ह' हा व्हेरिएबल त्यासाठीच आहे.

काकांना हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून ते म्हणाले, "म्हणजे नुसत्या नावासाठी तू माझी उधारी बुडवणार होतास?"

खरं सांगतो, व्हायव्हातही एवढा निरुत्तर झालो नव्हतो.