व्हाळात पंप धुण्याआधी

मालवण तालुक्यात कलमांना मोहर फुटतो तेव्हा व्हाळ आटत आलेले असतात. आषाढात फेसाळत धावणारं पाणी पौषात कोंडीकोंडींतून साचून राहतं. पावसात वर चढलेले मासे, सुंगटां, कुर्ल्या तेवढ्याच पाण्यात उन्हाळा काढतात. आणि नेमकी हीच तुडतुड्यांवर, फुलकिड्यांवर फवारणी करायची वेळ.

आचऱ्याला आमच्या हापूसच्या बागेखालून असा एक व्हाळ वाहतो. फवारणी आटोपली की गडी पंप नि बॅरल घेऊन थेट तिकडे वळतात. एकाला मी अडवलं, तर तो म्हणाला, "बाई, ह्यां नुसतां धुवाचां पाणी. औषध खंय रवलां ह्येच्यात?" प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. मी तिथेच बांधावर बसून त्याच्याशी हिशेब मांडला.

मोहरापूर्वीच्या फवारणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस अशी: डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, १० लिटर पाण्यात ९ मिली. म्हणजे तयार द्रावणाच्या एका लिटरमध्ये साधारण २५ मिलिग्रॅम, अर्थात २५ हजार मायक्रोग्रॅम कीटकनाशक. अनेक जातींचे मासे लिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्या आसपासच दगावतात. बॅरलच्या तळाशी एक लिटर जरी उरलं, तरी त्याची मात्रा तिथवर उतरवायला २५ हजार लिटर पाणी लागेल. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि मीटरभर खोल अशी अख्खी कोंड! सुंगटां तर किड्यांचीच नातलग, त्यामुळे ती माशांहूनही आधी मरतात.

धोका मोजायची रीत हीच. विष किती जहाल हे एका बाजूला, ते पाण्यात किती पोचतं हे दुसऱ्या बाजूला. प्रयोगशाळेत ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा काढतात. युरोपात तिला १०० ने भागून, पाण्यातलं प्रमाण त्याहून खाली राहील का, हे तपासतात. आपल्या कोंडीला हा नियम लावला तर त्या एका लिटरसाठी तशा शंभर कोंडी लागतील. यातलं बरंच डेल्टामेथ्रीन गाळाला चिकटतं, हे खरं. पण कुर्ल्या त्याच गाळात चरतात.

इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाची तऱ्हा वेगळी. ते पाण्यात सहज विरघळतं, कातळाच्या भेगांतून झिरपत दूर जातं. माशांना त्याची बाधा कमी. चाचणीसाठी जगभर वापरला जाणारा डॅफ्निया हा बारीक जलचर लिटरला ८५ मिलिग्रॅमपर्यंत टिकाव धरतो. एवढ्यावर थांबलं तर हे औषध निर्धोक वाटेल. पण व्हाळातल्या दगडांखाली राहणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या काही मायक्रोग्रॅमनेच लोळागोळा होतात, आणि लहान मासे याच अळ्यांवर जगतात. चाचणीला कुठला जीव निवडला, यावर निकाल किती फिरतो पाहा. म्हणून आपल्या पाण्यातले जीव घेऊन, आपल्या उन्हाळी पातळीवर अशा चाचण्या व्हायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण इथे उपयोगाचा नाही. तो रंग उंदरांवरच्या मात्रेवरून, माणसाच्या काळजीपोटी ठरतो. कुर्लीला ते किती घातक, हे त्यातून कळत नाही.

बागायतदारांना मी फवारणी बंद करा म्हणणार नाही. तुडतुड्यांनी मोहर खाल्ला तर वर्षाचं उत्पन्न जातं, हे मी घरात पाहिलं आहे. पण पंप धुतलेलं पाणी बागेतल्या कलमांवरच फवारून संपवता येतं. व्हाळाकडची ओळ वारा पडल्यावर, पाण्याकडे पाठ करून फवारता येते. आभाळ भरून आलं असेल तर फवारणी दोन दिवस पुढे ढकलता येते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. या मोसमात आपल्या गड्यांना पंप कुठे धुवायचा ती जागा आधी दाखवून ठेवा, आणि ती व्हाळापासून लांब असू द्या.