चौथा मजला, रात्रपाळी

रात्री 9.45. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2चा चौथा मजला म्हणजे निर्गमन. पाळी बदलते आहे. येणारा मार्शल चमकत्या पट्ट्यांचं जाकीट चढवतो, वॉकीटॉकी तपासतो, शिट्टी गळ्यात अडकवतो. त्याच्या हातातली सत्ता एवढीच. दंड करायचा तो वाहतूक पोलिसांनी, बंदूक आणि तपासणी सीआयएसएफकडे. मार्शलने फक्त गाड्या हलत्या ठेवायच्या, तेही गोड बोलून.

रात्री 11. देशांतर्गत विमानांची शेवटची गर्दी ओसरते. या तासात सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

रात्री 12.15. आता खरी पाळी सुरू. आखातात आणि युरोपात जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. पश्चिम द्रुतगती मार्गावरून निघालेला सहारचा उन्नत रस्ता वाटेत सिग्नलला न अडवता गाड्या थेट या मजल्यावर आणून ओततो, त्यामुळे जी काही तुंबायची ती वाहतूक इथेच तुंबते. भुयारी मेट्रोचं स्टेशन ऑक्टोबर 2024पासून विमानतळाखालीच आहे, पण मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद. म्हणजे गर्दी वाढते नेमकी तेव्हाच गाडीवाचून इलाज नसतो.

चिपळूणहून एक क्रूझर येते. जाणारा एक, पोचवायला आलेले नऊ. टपावरून दोरीने बांधलेले खोके उतरतात. मुलगा वाकून आजीच्या पाया पडतो, आजी त्याच्या खिशात काहीतरी कोंबते, धाकट्याला फोटो हवा असतो. मागे हॉर्न सुरू.

"दादा, गाडी पुढे घ्या."

"अहो, दोन वर्षांनी येणार तो आता. थांबा की जरा."

याला काय उत्तर देणार? मार्शल तोंड फिरवून मागच्या गाडीवर शिट्टी वाजवतो.

खरं म्हणजे ही माणसं उगीच रेंगाळत नाहीत. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय जवान दारातून आत सोडत नाही. परदेशात अनेक ठिकाणी पोचवणारे खिडकीपर्यंत सोबत जातात, निरोप आत होतो. आपल्याकडे तो फुटपाथवर उरकावा लागतो. डिसेंबर 1999मध्ये भारतीय विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर 2000पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सीआयएसएफकडे आली. दारावरचा पहारा योग्यच आहे, पण दाराबाहेर ढकललेल्या माणसांचं काय करायचं याचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही. तो आपण शिट्टीवाल्यावर सोपवून मोकळे झालो.

रात्री 1.30. हिशेब साधा आहे. गाडी दोन मिनिटं थांबली तर एका जागेवर तासाला तीस गाड्या रिकाम्या होतात. चार मिनिटं थांबली तर पंधरा. रस्ता तेवढाच, माणसं तेवढीच, फक्त मिठ्या लांबल्या की विमानतळ निम्मा होतो. मग लोक दुसऱ्या रांगेत गाडी लावतात, तिसऱ्या रांगेत डिकी उघडतात आणि ट्रॉल्या चालत्या गाड्यांमधून वाट काढतात. 2024-25मध्ये या विमानतळावरून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ये-जा झाली, म्हणजे दिवसाला दीड लाख.

रात्री 2.20. एक पांढरी मोटार. पार्किंग लाइट टिकटिकताहेत, आत चालक नाही. चारही दिवे लुकलुकले की गाडीला अभय मिळतं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे.

आता मार्शलचा आवाज बदलतो. तो गाडीला हात लावत नाही. नंबर वॉकीटॉकीवर जातो, जवान जवळ येतो, मागच्या गाड्या बाजूने वळवल्या जातात. चालक सापडेना तर प्रकरण श्वानपथक आणि बॉम्बशोधक पथकापर्यंत जाऊ शकतं. हे अति वाटत असेल, तर 26 नोव्हेंबर 2008ची रात्र आठवावी. इथून जवळच, पार्ल्यात द्रुतगती मार्गावर धावत्या टॅक्सीत स्फोट झाला. दहशतवादी प्रवासी म्हणून बसले होते, उतरताना बॉम्ब ठेवून गेले. चालकाला पत्ता नव्हता. तो आणि त्याचा पुढचा प्रवासी दोघेही गेले. त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2007 रोजी, ग्लासगोत गॅस सिलिंडर भरलेली जीप थेट टर्मिनलच्या दारावर घातली गेली होती. काचेच्या दारांपुढे पोलादी खांब रोवलेले दिसतात ते अशाच गाड्यांसाठी.

सात मिनिटांनी मालक धावत येतो. "आईची व्हीलचेअर बघायला गेलो होतो हो, दोनच मिनिटं." खरंच गेला असेल. पोलिस मोबाइलवर फोटो काढून ई-चलान करतो: 500 रुपये, पुन्हा सापडला तर 1500. मालक मार्शलकडेच रागाने बघतो. चलान कुणीही फाडो, शिव्या जाकीटवाल्याला.

पहाटे 3.30. एका खांबाजवळ बेवारस बॅग. पुन्हा वॉकीटॉकी, पुन्हा रिंगण. ऑक्टोबर 2024मध्ये विमानं उडवून देण्याच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या होत्या, तरी प्रत्येक धमकी खरी मानूनच तपासावी लागली. बॅगचंही तसंच. शेवटी तिचा मालक चहाच्या रांगेत सापडतो.

पहाटे 4.45. सकाळच्या दिल्ली-बंगळुरूवाल्यांची लाट. एकेकटी माणसं, पाठीवर सॅक, निरोपबिरोप काही नाही. वीस सेकंदांत गाडी रिकामी. इथे अडचण वेगळी: प्रवासी उतरल्यावर कॅबवाला फोनमध्ये पुढचं भाडं शोधत तिथेच घुटमळतो. रात्रभर जागलेला असतो बिचारा. त्यालाही हटवायचं.

सकाळी 6. पाळी संपते. घसा बसलेला, डोळ्यांत धूर. मार्शल जाकीट दुसऱ्याच्या हाती देऊन जिन्याकडे वळतो.

पोचवायला जाणाऱ्यांना एकच विनंती. निरोप घाईने देऊ नका, पण तो फुटपाथवर देऊ नका. शेजारी बहुमजली वाहनतळ आहे. गाडी तिथे लावा, पैसे भरा, पाया पडा, फोटो काढा, रडायचं ते रडून घ्या. मग चालत दारापर्यंत या.