जखमेचं वेळापत्रक

सकाळी ८.००
मलकापुरात महामार्गालगत कृष्णा रुग्णालय आहे, आणि गावात लहान दवाखानेही बरेच. त्यातल्याच एका सर्जनांच्या दवाखान्यात मी ड्रेसिंगरूम सांभाळते. निर्जंतुक चिमटे, गॉज, सलाईन आणि मोजपट्टी ट्रेमध्ये लावून घेते. गळीत हंगाम सुरू आहे, त्यामुळे बाकडी लवकर भरतात.

८.३०
ऊसतोडीवरचा तरुण. पिंढरीला कोयता लागून परवा टाके पडलेत. "सिस्टर, सूज हाय. पिकलं का काय?" पू नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशीची थोडी सूज दुरुस्तीचीच असते. रक्त गोठवताना प्लेटलेट पेशी 'ग्रोथ फॅक्टर' नावाची प्रथिनं सोडतात. हे पेशींना धाडलेले निरोप. पीडीजीएफचा निरोप मिळाला की दुरुस्तीच्या पेशी जखमेकडे येतात, व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, ईजीएफमुळे वरची कातडी कडेकडून आत सरकते.

मुकादमाची उचल फिटायची आहे, म्हणून त्याला उद्याच फडात जायचंय. त्याला सांगते, "दादा, टाके निघाले म्हणजे कातडी पक्की झाली असं नाही." तीन आठवड्यांनी व्रणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच असते. पुढे ती महिनोन्‌महिने वाढते, तरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबते.

१०.३०
कडेगावकडचे तात्या. मधुमेह आहे आणि तळपायाची जखम काही केल्या भरत नाही. "ते भारीतलं जेल लावा की, लवकर भरंल." मागणी चुकीची नाही. ईजीएफचं जेल आपल्याकडे मिळतं. स्टॅन्ली कोहेन यांना ईजीएफ सापडलं ते उंदरांच्या नवजात पिलांमुळे: लाळग्रंथीचा अर्क टोचल्यावर त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं. पीडीजीएफचं जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पायांसाठी मंजूर झालं.

पण रखडलेल्या जखमेत प्रथिनं तोडणारी विकरं माजलेली असतात. वरून लावलेला ग्रोथ फॅक्टरही ती फस्त करतात. पीडीजीएफच्या चाचणीतही जिथे मेलेलं मांस वरचेवर काढलं जात होतं, तिथे जखमा जास्त भरल्या. म्हणून डॉक्टर आधी जखम खरवडून साफ करतात, मगच जेल. "तात्या, साखर ताब्यात ठेवा आणि या पायावर भार देऊ नका. नाहीतर जेलचे पैसे वाया."

दुपारी १.००
एका मावशींसाठी पीआरपी. त्यांचंच रक्त घेऊन यंत्रात फिरवायचं आणि प्लेटलेटचा दाट थर वेगळा करायचा. प्लेटलेट एकदा जागृत झाल्या की बराचसा ग्रोथ फॅक्टर पहिल्या तासाभरातच सुटतो. म्हणून जखम आधीच साफ करून ठेवते.

३.३०
चुलीजवळ भाजलेली शाळकरी मुलगी. जखम भरलीय, पण कोपरावरचा व्रण जाड झालाय, हात पूर्ण सरळ होत नाही. इथे निरोप थांबलाच नाही. टीजीएफ-बीटा १ जास्त काळ चढं राहिलं की कोलॅजन साठत जातं. गर्भातल्या बाळाची कातडी सुरुवातीच्या महिन्यांत व्रणाविना भरते. तिथे टीजीएफ-बीटा ३ चं प्रमाण जास्त असतं, म्हणून त्याचं औषधही बनवलं गेलं. २०११ मध्ये मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरलं. आज आपल्या हातात आहेत ती सिलिकॉनची पट्टी, घट्ट बसणारी बाही आणि रोजचा व्यायाम. तिच्या आईला ते करून दाखवते. हे महिनोन्‌महिने चालवावं लागेल.

५.३०
रजिस्टरमध्ये प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी लिहिते. पायाची मधुमेही जखम चार आठवड्यांत निम्मी झाली नाही, तर तेच ड्रेसिंग पुढे रेटायचं नाही. रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि पायावरचा भार नव्याने तपासायचा. तात्यांचा चौथा आठवडा संपत आलाय आणि जखम अजून निम्मी नाही. डॉक्टरांशी बोलून त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर उद्यासाठी लिहून ठेवते.