लसूणघासाच्या बियाण्यातील अमरवेलीचे बी

धाराशिव जिल्ह्यात विहिरीच्या पाण्यावर जनावरांची हिरवी वैरण करणाऱ्या शेतकऱ्यांना लसूणघास परिचित आहे. हे पीक एकदा पेरले की दोन-तीन वर्षे कापण्या देते. म्हणूनच त्याच्या बियाण्यातून आलेले तणही तितकाच काळ नडते. अशा तणांत अमरवेल सर्वांत घातक होय.

अमरवेलीस पाने नसतात. पिवळसर दोऱ्यासारखी ही वेल घासाला विळखा घालून त्यातील रस शोषते. तिच्या बियांचे कवच कठीण असल्यामुळे त्या जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. जनावराच्या पोटात गेलेल्या काही बिया शेणावाटे जिवंतच बाहेर पडतात व खतातून पुन्हा शेतात येतात. तेव्हा परीक्षा पेरणीपूर्वीच करावी.

मूठभर बियाणे पांढऱ्या कागदावर पातळ पसरून भिंगातून पाहावे. लसूणघासाचा दाणा सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर लांब, घेवड्याच्या दाण्यासारखा बाकदार, पिवळसर व गुळगुळीत असतो. अमरवेलीचे बी साधारण त्याच्या निम्मे, गोलसर परंतु एक-दोन बाजूंनी चपटे, मातकट व खरखरीत असते. केवळ रंगावर विसंबू नये, कारण घासाचे जुने बीही तांबूस पडते. आकार आणि पृष्ठभाग हीच खरी खूण. या खरखरीतपणामुळेच मखमल लावलेल्या रुळांच्या यंत्रात अमरवेलीचे बी मखमलीस चिकटते व घासाचे गुळगुळीत दाणे घसरून वेगळे होतात. घरी बारीक चाळणी वापरावी. थोडे बारके घासबी गळून गेले तरी हरकत नाही. चाळण मात्र उकिरड्यावर न टाकता जाळावी.

मोहरीच्या बाबतीत पिवळ्या धोत्र्याचे बी असेच फसविते. तेही काळसर व गोल दिसते. पण त्यावर जाळीदार खळगे, एका बाजूस कड व टोकास बारीक चोच असते. चिरडल्यास मोहरी आत पिवळी, तर धोत्रा पांढरट निघतो. धोत्र्याच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे 1998 साली दिल्लीत अनेकांचा बळी गेला होता.

ज्वारीवरील टारफुल्याचे बी धुळीसारखे असल्याने साध्या डोळ्यांस ओळखू येत नाही. तेथे रोगट शेतातील बियाणे न घेणे हाच मार्ग. इतर बियाण्यांबाबत शंका राहिल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नमुना शासकीय बीजपरीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि निकाल येईपर्यंत पेरणी थांबवावी.